“उद्या बघू,” तो हसला: संवादातली विरामचिन्हं आणि कृतींची जागा

नव्या कथालेखकाच्या खर्ड्यात एक वाक्य हमखास सापडतं.

“उद्या बघू,” तो हसला.

वाचताना फारसं खटकत नाही, म्हणूनच ते टिकून राहतं. पण स्वल्पविराम इथे काय सांगतो ते पाहा. वाक्य अजून संपलेलं नाही, पुढचा ‘तो हसला’ हा तुकडा याच वाक्याचं शेपूट आहे आणि हे शब्द ज्या क्रियेनं बाहेर पडले ती क्रिया म्हणजे हसणं, असं तो सांगतो. हसण्यातून शब्द बाहेर पडत नाहीत. माणूस हसतो आणि बोलतो, किंवा बोलतो आणि मग हसतो. या दोन गोष्टी चिकटवायच्या की वेगळ्या ठेवायच्या, यावर संवादाची निम्मी चाल ठरते. हा लेख प्रामुख्यानं त्याबद्दल आहे. बाकीची विरामचिन्हं ओघानं येतील.

‘तो म्हणाला’, ‘तिनं विचारलं’ या तुकड्याला इथे आपण ‘सूचक’ म्हणू, कारण कोण बोललं ते तो सुचवतो.

आधी क्रियापद तपासा: ‘की’ लावून बघा

सूचकातलं क्रियापद बोलण्याचं आहे की नुसत्या कृतीचं, याबद्दल शंका आली तर त्याच्यापुढे ‘की’ लावायचा.

तो पुटपुटला की उद्या बघू. चाललं.
तिनं बजावलं की उद्या बघू. चाललं.
तो हसला की उद्या बघू. हे काहीतरी तिसरंच झालं. तो हसला तर उद्या बघायचं म्हणे.
तिनं खांदे उडवले की उद्या बघू. नाही.

‘की’ ज्याला पेलतो ते बोलण्याचं क्रियापद. त्याच्याआधी स्वल्पविराम चालतो. ‘की’ ज्याला पेलत नाही ती कृती, आणि कृतीला स्वतःचं वाक्य लागतं. म्हणजे तिच्याआधी पूर्णविराम. हसणं, उसासणं, मान डोलावणं, डोळे मिचकावणं, कपाळाला आठ्या घालणं, दार आपटणं हे सगळं कृतीच्या बाजूला. कुजबुजणं, पुटपुटणं, ओरडणं, खेकसणं, डाफरणं, विनवणं, सुनावणं हे बोलण्याच्या बाजूला. मधली काही क्रियापदं वाद घालतात. ‘हुंदका दिला’, ‘कण्हला’, ‘धापा टाकल्या’ यांत आवाज आहे पण शब्द नाहीत. मी त्यांना कृतीत टाकतो.

आता वरच्या वाक्याची दुरुस्ती. ती तीन प्रकारे होते, आणि तिन्हींचा अर्थ एक नाही:

“उद्या बघू.” तो हसला.
तो हसला. “उद्या बघू.”
“उद्या बघू,” तो हसत म्हणाला.

पहिल्यात शब्द आधी पडले. हसणं नंतर आलं, त्यामुळे ते सारवासारवीचं वाटतं. दुसऱ्यात तो आधी हसला, म्हणजे समोरच्यानं जे विचारलं त्यालाच हसला, आणि ‘उद्या बघू’ ही टोलवाटोलवी झाली. तिसऱ्यात हसू आवाजात मिसळलं. हा माणूस त्यातल्या त्यात मोकळा. चिन्ह आणि क्रम एवढंच बदललं, तरी पात्र बदललं.

देवनागरीत मोठी आणि लहान अक्षरं नाहीत. इंग्रजीत पूर्णविरामानंतरचं मोठं अक्षर वाचकाला नवं वाक्य सुरू झाल्याची खूण देतं. आपल्याकडे तो सगळा भार अवतरणचिन्हाच्या आतल्या त्या एका बारक्या खुणेवर येतो, म्हणून ती नेमकी हवी.

मात्र बोललेल्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्ह असेल तर ही सोय उरत नाही. “येतोस का?” त्यानं विचारलं. “येतोस का?” तो हसला. दोन्ही ठिकाणी चिन्ह एकच, आणि दोन्ही बरोबर. दुसऱ्यात ‘तो हसला’ हे आपोआप वेगळं वाक्य ठरतं. प्रश्नचिन्हापुढे आणखी स्वल्पविराम घालू नका. ‘?,’ ही जोडी संवादात कुठेच लागत नाही.

स्वल्पविराम की पूर्णविराम, आत की बाहेर

छापील मराठीत तीन पद्धती दिसतात:

“मी येतो,” तो म्हणाला.
“मी येतो”, तो म्हणाला.
“मी येतो.” तो म्हणाला.

तिन्ही चांगल्या प्रकाशनांच्या पुस्तकांत सापडतील. याला कारण आहे. ही चिन्हं मराठीची मुळातली नाहीत. पोथ्यांत दंड (।) असायचा, मोडीत तर शब्दही तोडलेले नसायचे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि मराठीचे कोशकार मेजर थॉमस कँडी यांचं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक १८५० सालचं. तिथून इंग्रजी वळणाची चिन्हं रुळली आणि पुढे प्रत्येक छापखान्यानं आणि संपादकानं आपापली शिस्त बसवली. शुद्धलेखनाच्या नियमांनी ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांचा जितका काथ्याकूट केला, तितका संवादातल्या स्वल्पविरामाचा कधी केला नाही.

मी पहिली पद्धत सुचवतो. तिसरी चूक नाही, पण ती वापरली की “मी येतो.” तो म्हणाला. आणि “मी येतो.” तो उठला. यांतला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि तोच तर आपल्याला हवा आहे. दुसरीत स्वल्पविराम अवतरणाबाहेर लोंबकळतो. ओळीच्या शेवटी आला तर आणखी वाईट दिसतो. कुठलीही निवडा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच. दिवाळी अंकाला कथा पाठवत असाल तर त्यांचा मागच्या वर्षीचा अंक चाळा आणि त्यांची पद्धत उचला, मुद्रितशोधक दुवा देईल.

एकेरी आणि दुहेरी अवतरणांचंही तसंच. संवादाला दुहेरी वापरलं तर आतल्या उद्धृताला एकेरी:

“मामा म्हणाले, ‘पोराला शहरात पाठवू नका.’ आणि आता तेच विचारतात, नोकरी लागली का म्हणून!”

जुन्या पुस्तकांत संवाद एकेरीत आणि आतलं उद्धृत दुहेरीत असं उलटं दिसेल. तेही चालतं.

सूचक पुढे, मागे की मध्ये

मराठीचं जुनं वळण सूचक आधी आणायचं: अण्णा म्हणाले, “बैस.” गोष्ट सांगणारी आजी अजूनही असंच सांगते. चार-पाच जण बोलत असतील, किंवा एखादा दहा ओळी बोलणार असेल, तर हे वळण सोन्यासारखं, कारण वाचकाला आवाज आधीच ओळखता येतो. दहा ओळी वाचून झाल्यावर ‘असं गुरुजी म्हणाले’ हे कळलं, तर त्या दहा ओळी वाचक चुकीच्या आवाजात वाचून बसलेला असतो.

छोट्या वाक्यांना सूचक मागे टाकलेलं बरं. शब्द आधी कानावर पडतात.

सूचक मध्ये आणला की विराम तयार होतो. म्हणून तो जिथे माणूस खरंच थांबेल तिथेच आणायचा:

“मी तुला सांगितलं होतं,” तो म्हणाला, “पण तू ऐकतोस कुठे!”

इथे मूळ वाक्य एकच आहे, म्हणून ‘म्हणाला’नंतर स्वल्पविराम. दोन वेगळी वाक्यं असतील तर पूर्णविराम: “मी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “आता भोग.” आणि “मी तुला,” तो म्हणाला, “सांगितलं होतं.” अशी मोडतोड फक्त अडखळणाऱ्या माणसाला शोभते.

वाक्याच्या मध्ये सूचक नाही तर कृती घुसवायची असेल, तर अपसारणचिन्हं लागतात:

“हा लिफाफा” — त्यानं तो टेबलावर सरकवला — “तुझ्याच नावावर आलाय.”

हे दिसायला झोकदार आहे, म्हणून लगेच अतिरेक होतो. एका कथेत एखाद-दुसरं पुरे.

‘असं म्हणून’ हे आपलं खास जोडवाक्य. “चला, निघतो.” असं म्हणून तो उठला. यातलं ‘असं म्हणून’ जवळजवळ दर वेळी गाळता येतं: “चला, निघतो.” तो उठला. तो बोलला हे अवतरणचिन्हानं सांगितलंच आहे.

‘की’ असेल तर अवतरण नको

तो म्हणाला, की मी उद्या येतो. इथे अवतरणचिन्ह लागत नाही. स्वल्पविराम ‘की’च्या आधी की नंतर, यावर लोक अजून भांडतात. मी आधी देतो. पण खरी गोम वेगळीच आहे. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही त्याचा ‘मी’ तसाच राहतो. निवेदक ‘मी’ असलेल्या कथेत यामुळे घोटाळा होतो:

दादा म्हणाला, की मी चुकलो.

कोण चुकलं? दादा की निवेदक? निवेदक स्त्री असेल तर ‘चुकलो’वरून दादा हे उमगतं. निवेदक पुरुष असेल तर काहीच उमगत नाही. अशा ठिकाणी ‘की’ काढून सरळ अवतरण द्या. दादा म्हणाला, “मी चुकलो.” आता शंका नाही.

‘म्हणाला’ला कंटाळू नका

शाळेत निबंध लिहिताना तोच शब्द पुन्हा वापरू नये असं मनावर ठसवलेलं असतं. त्यामुळे लोक ‘म्हणाला’पासून पळतात आणि उद्गारला, उत्तरला, वदला अशी वरात निघते. ‘वदला’ आता फक्त विडंबनात चालतो. ‘म्हणाला’ हा शब्द वाचकाला दिसतच नाही, तो फक्त नाव पोचवतो. त्याची हीच किंमत आहे.

व्याकरणाची एक अडचण इथे असते. ‘म्हणणे’ आणि ‘बोलणे’ कर्त्याप्रमाणे बदलतात: तो म्हणाला, ती म्हणाली, ते म्हणाले, पोर म्हणालं. ‘त्यानं म्हणाला’ असं होत नाही. हवं तर ‘त्यानं म्हटलं’. याउलट विचारणं, सांगणं, बजावणं, सुनावणं, दटावणं यांना ‘त्यानं/तिनं’ लागतं आणि क्रियापद तिथेच थिजतं. ‘म्हणाला’चं ‘विचारलं’ केलं की क्रियापदातून लिंग निघून जातं. पुरुष आणि स्त्री असे दोघेच बोलत असतील तर नुसतं ‘म्हणाली’ पुरतं. ‘विचारलं’ला मात्र ‘तिनं’ जोडावं लागतं. ‘तो बोलला’ हे ‘म्हणाला’च्या अर्थी मुंबईकडे सर्रास चालतं. पात्राच्या तोंडी ते झकास वाटतं, पण निवेदनात आणलंत तर निवेदकही मुंबईचाच ठरेल.

‘म्हणाला’शिवायच्या क्रियापदांचे ढोबळ दोन गट करता येतात.

एक आवाजाचा: कुजबुजला, पुटपुटली, ओरडला, खेकसला, किंचाळली. शब्दांवरून आवाज कळत नसेल तेव्हा हे कामाचे. “आत कोणी आहे का?” हे वाक्य कुजबुजलंही जाईल आणि ओरडलंही जाईल. तिथे क्रियापदच सांगेल. पण “मेलात का सगळे!!” तो ओरडला, यात ओरडणं तीनदा झालं. शब्दांत, दुहेरी उद्गारचिन्हात आणि सूचकात. एक ठेवा. उद्गारचिन्ह तर एकाहून जास्त कधीच नको.

दुसरा हेतूचा: धमकावलं, समजावलं, विनवलं, टोमणा मारला, दुजोरा दिला. हे बहुतेक वेळा वाचकानं आधीच ओळखलेलं पुन्हा सांगतात. “माझ्या नादाला लागू नकोस,” त्यानं धमकावलं. धमकीच आहे ती, दिसतंय. पण शब्द एक सांगतात आणि हेतू दुसरा असतो, तिथे या क्रियापदांना धार येते. “बैस की जरा,” तिनं दटावलं. ‘दटावलं’ काढा, वाक्य आर्जवी होईल.

जाता जाता: ‘फणकारली’, ‘लाडात आली’, ‘मुसमुसली’ ही क्रियापदं बायकांच्याच वाट्याला आणि ‘गरजला’, ‘कडाडला’ ही पुरुषांच्याच. खर्ड्यात हे आपोआप घडतं. एखाद्या मामांना फणकारू दिलं तर बिघडतं काय?

‘-त’ आणि ‘-ऊन’

कृती आणि बोलणं एका वाक्यात बसवण्याची मराठीची सोय म्हणजे ही दोन रूपं. चष्मा पुसत ते म्हणाले: पुसणं आणि बोलणं एकाच वेळी. चष्मा पुसून ते म्हणाले: आधी पुसला, मग बोलले. या ‘-ऊन’मध्ये एक थांबा आहे, आणि समोरच्याला ताटकळत ठेवणारा माणूस त्यातून छान उभा राहतो.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, कर्ता एकच हवा. ‘चष्मा पुसत अण्णांचा आवाज चढला’ यात आवाजानं चष्मा पुसला. ‘चष्मा पुसता पुसता अण्णांचा आवाज चढला’ असं केलंत तर निभावतं. दुसरी, एकाच वेळी होणं शक्य आहे का ते बघा. ‘पाण्याचा घोट गिळत ती म्हणाली.’ गिळताना बोलून पाहा. इथे ‘गिळून’ हवं. ‘दात घासत तो म्हणाला’ चालेल, पण मग शब्दही तसेच फेसाळलेले हवेत.

सगळ्यात मोठा धोका चालीचा. ‘मान हलवत म्हणाला’, ‘केस सावरत म्हणाली’, ‘खिडकीबाहेर बघत म्हणाला’ असं ओळीनं आलं की वाचकाला कवायत ऐकू येते. एका पानावर असं एक, फार तर दोन. बाकीच्या कृतींना पूर्णविराम देऊन स्वतःच्या पायावर उभं करा.

मराठी बोलणारा स्वतःच ओळख देतो

सूचक लिहिण्याआधी विचारा, लागतोय का? “मी निघते” म्हटलं की बोलणारी स्त्री. “अगं” म्हटलं की ऐकणारी स्त्री. “अहो, ऐकलंत का” एवढ्यानं नवराबायको, वय आणि काही अंशी काळही कळतो. सासू सुनेला ‘गं’ म्हणेल, सून सासूला ‘अहो आई’. नागपूरकडचा ‘बे’, मालवणीतला ‘गो’, कोल्हापूरचा ‘लेका’ हे सगळे फुकटचे सूचक आहेत. दोघंच बोलत असतील तर यांच्या जोरावर आठ-दहा ओळी एकही ‘म्हणाला’ न वापरता जातात.

अपवादही सांगायला हवा. कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल “मी येतो”, “मी गेलो” असं बोलतात. पात्र तिकडचं असेल आणि बोली खरी ठेवायची असेल, तर क्रियापदाची मदत गेली. तिथे ‘काकू म्हणाल्या’ लिहावंच लागेल, निदान पहिल्या दोन ओळींत. बोली सपाट करून ‘येते’ लिहिणं हा उपाय नव्हे. पात्राच्या तोंडी त्याची बोली घालायला शुद्धलेखनाच्या नियमांचीही मोकळीक आहे.

संबोधनाजवळचा स्वल्पविराम मात्र विसरू नका. “काका येतोय.” आणि “काका, येतोय.” पहिल्यात काका येणार, दुसऱ्यात काकांना हाक मारणारा. वाक्याच्या शेवटी संबोधन आलं तरी त्याआधी स्वल्पविराम: “बास झालं, काका.” गं, रे, हो, बाई, बुवा ही पुरवणी अक्षरं शब्दाला चिकटूनच बोलली जातात, त्यांच्याआधी स्वल्पविराम नको: “काय बाई सांगू!” “जा रे.”

‘ना’ दिसला की प्रश्नचिन्ह ठोकण्याची सवय असते. “तू येशील ना?” हा प्रश्न. “ये ना.” ही विनवणी. “येईल ना तो!” हा वैताग. तसंच “काय म्हणतोस?” ही विचारपूस आणि “काय म्हणतोस!” हे आश्चर्य. “मी कशाला जातोय!” याला उत्तर नको असतं, म्हणून प्रश्नचिन्हही नको. बोलून बघा, आवाज शेवटी वर जातो का ते ऐका, मग चिन्ह ठरवा.

एक प्रसंग, तीन फेऱ्या

आता हे सगळं एका तुकड्यावर. भाऊ बहिणीकडे वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही घ्यायला आला आहे. पहिला खर्डा:

“चहा नको टाकूस सुमे, साडेतीनला रजिस्ट्रार ऑफिसात नंबर आहे,” दादानं पिशवी खुर्चीवर ठेवली.
“आज? तू काल फोनवर काहीच बोलला नाहीस,” सुमन आश्चर्यानं उद्गारली.
“फोनवर काय बोलायचं, घरचीच गोष्ट आहे,” दादा ओशाळून हसला.
“कागद दाखव,” तिनं हात पुढे केला.
“नेहमीचंच हक्कसोडपत्र आहे. फक्त सही हवी, आईचीही तीच इच्छा होती,” त्यानं समजावलं.
“आईची?” तिनं रागानं विचारलं. “आई मला वेगळंच म्हणाली होती,” ती डोळे पुसत म्हणाली.

पहिली फेरी चिन्हांची. ‘की’ लावून बघितलं तर पिशवी ठेवणं, ओशाळून हसणं आणि हात पुढे करणं नापास होतात. तिन्ही ठिकाणी स्वल्पविराम जाऊन पूर्णविराम येईल. ‘टाकूस’नंतर स्वल्पविराम येईल, कारण ‘सुमे’ ही हाक आहे. ‘सुमे’नंतर वाक्य संपतं, तिथे पूर्णविराम.

दुसरी फेरी कापणीची. ‘आश्चर्यानं उद्गारली’ हे काम “आज?” नं केलंय. ‘समजावलं’ आणि ‘रागानं विचारलं’ हे वाचकाला दिसतंय. ‘ओशाळून हसला’ हे तर लेखकानं पात्राच्या वतीनं दिलेलं स्पष्टीकरण आहे. सगळं जाईल.

तिसरी फेरी कृतींच्या जागेची, आणि वेळ इथेच घालवायचा. पिशवी ठेवणं बोलण्याच्या आधी घडतं, मग आधीच लिहू. त्यानं बोलणाराही कळतो. हात पुढे केला तर ‘कागद दाखव’ म्हणायची गरज काय? ‘डोळे पुसत’ ही कुठल्याही कथेत चालणारी कृती आहे, म्हणजे या कथेची नाही. या कथेत चहा आहे. दादा आल्या आल्या ‘नको’ म्हणाला तो चहा. तो गॅसवर आहेच.

दादानं पिशवी खुर्चीवर ठेवली. “चहा नको टाकूस, सुमे. साडेतीनला रजिस्ट्रार ऑफिसात नंबर आहे.”
“आज? काल फोनवर काहीच बोलला नाहीस.”
“फोनवर काय बोलायचं! घरचीच गोष्ट आहे.”
आधण उकळत होतं. तिनं हात पुढे केला. त्यानं पिशवीतून फाइल काढली, पण लगेच दिली नाही.
“नेहमीचंच हक्कसोडपत्र आहे,” तो म्हणाला. “एक सही. आईचीही तीच इच्छा—”
“आई मला वेगळं म्हणाली होती.” सुमननं गॅस बंद केला.

सगळ्या सूचकांच्या जागी एकच ‘म्हणाला’ उरला. तोही काढता आला असता, पण ‘हक्कसोडपत्र आहे’ आणि ‘एक सही’ यांच्यामध्ये दादाला जो श्वास घ्यावा लागतो तो या ‘तो म्हणाला’मुळे मिळतो. शेवटच्या ओळीत ‘म्हणाली होती,’ असा स्वल्पविराम घालून बघा, गॅस बंद करणं पुन्हा बोलण्याचा प्रकार होऊन बसेल.

कृतींचंही प्रमाण असतं. एखादी कृती काढून टाकली आणि प्रसंगाचं काही बिघडलं नाही, तर ती भरताड होती. मराठी कथेतली माणसं चहाचे घोट घेतात, सुस्कारे सोडतात आणि खिडकीबाहेर बघतात, ते बहुतेक वेळा लेखकाला पुढचं वाक्य सुचेपर्यंत.

तुटलेली आणि सुटलेली वाक्यं

“आईचीही तीच इच्छा—” इथे अपसारणचिन्ह आहे, कारण समोरच्यानं मध्येच तोडलं. बोलणारा स्वतःच विरला असता तर टिंबं आली असती: “आईचीही तीच इच्छा...” टिंबं तीन, सात नाहीत. दोन्ही चिन्हांपुढे पूर्णविराम नको. तोडलं गेलंय तर पुढच्या ओळीत ‘तिनं त्याला मध्येच तोडत म्हटलं’ असंही नको, चिन्हानं ते सांगितलं आहे. फोनवरचं एकतर्फी बोलणं लिहिताना टिंबं उपयोगी पडतात, पण अर्ध्या पानाहून जास्त तसलं बोलणं वाचवत नाही.

ओळ कधी बदलायची

बोलणारा बदलला की नवा परिच्छेद. बोलणाऱ्याची कृती त्याच्या शब्दांबरोबर त्याच परिच्छेदात, ऐकणाऱ्याची प्रतिक्रिया पुढच्यात. एवढं पाळलं तरी निम्मे सूचक अनावश्यक होतात. एकाच माणसाचं बोलणं दोन-तीन परिच्छेद चाललं, तर प्रत्येक परिच्छेदाच्या सुरुवातीला उघडणारं अवतरण द्यायचं आणि बंद करणारं फक्त अगदी शेवटी.

मनातल्या बोलण्याला दुहेरी अवतरण देऊ नका, वाचकाला ते मोठ्यानं बोललेलं वाटतं. एकेरी द्या किंवा काहीच नको: आता उठावं, तिला वाटलं. देवनागरी अक्षरं तिरकी करण्याच्या फंदात पडू नये. ती पडल्यासारखी दिसतात.

निवेदनात ‘विचारलं, केलं’ की ‘विचारले, केले’ हे एकदाच ठरवा. पात्रं बोली रूपांत आणि निवेदन ‘केले, गेले’मध्ये, अशी विभागणीही छान वठते. पण निवेदनातच दोन्हींची मिसळ नको.

टंकताना आणि पाठवण्याआधी

मोबाइलच्या कळफलकावर संयोगचिन्ह दाबून धरलं की बहुधा लांब रेघ मिळते. तुटलेल्या संवादाला ती वापरा. छोट्या ‘-’नं काम भागवलं तर तो अर्धवट शब्द वाटतो. वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये लांब रेघेनंतर अवतरणचिन्ह टंकलं की ते अनेकदा उलट्या तोंडाचं उमटतं, ते हातानं नीट करावं लागतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून मजकूर बदलून घेतला असेल तर अवतरणचिन्हं एकेक करून तपासा.

नाट्यरूपात, नाव देऊन संवाद लिहीत असाल तर नावापुढे अपूर्णविराम (:) येतो आणि तिथे हटकून विसर्ग पडतो. दोन्ही दिसायला सारखे, पण कळा वेगळ्या. ‘अण्णा :’ असं मध्ये मोकळी जागा सोडून लिहिलं की तो विसर्ग वाटत नाही, छापखान्यातही हीच रीत आहे.

शेवटी शोधाच्या खिडकीत स्वल्पविराम आणि त्याला लागून बंद होणारं दुहेरी अवतरण एवढी दोनच चिन्हं टाका. जिथे जिथे ती जोडी थांबेल तिथे पुढचं क्रियापद वाचा आणि ‘की’ लावून बघा. मग ‘त म्हणा’ शोधा. ‘हलवत म्हणाला’, ‘सावरत म्हणाली’ सगळे रांगेत उभे राहतील. एकाच पानावर तीन सापडले तर दोघांना पूर्णविराम द्या. प्रश्नचिन्हानंतरच्या कृती मात्र अशा शोधात सापडत नाहीत, त्यासाठी खर्डा मोठ्यानं वाचावा लागतो.